आईची पहिली ट्रायथलॉन

आज आपण ट्रायथलॉनबद्दल बोलणार आहोत. नाव ऐकून उठू नका, भाजी निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल. ट्रायथलॉन म्हणजे तीन खेळांची मिळून एक शर्यत. आधी पोहायचं, पाण्यातून बाहेर येऊन सायकल चालवायची आणि सायकल ठेवून धावायचं. तिन्ही एकाच सकाळी, एकापाठोपाठ. मधे बूट घालायला, केस पुसायला जो वेळ जातो तोही घड्याळात धरतात.

हिची अंतरं लहानमोठी असतात. पेपरात जिचं नाव येतं ती आयर्नमन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२ किलोमीटर धावणं, सगळं १७ तासांच्या आत. ती आपल्यासाठी नाही, निदान आज नाही. २०१९ मध्ये गोव्यात सुरू झाली ती बरोबर हिच्या निम्मी. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तिथे दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. आणि त्याच्याही निम्मी ती स्प्रिंट : ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. आज बोलायचं ते या स्प्रिंटबद्दल. पंचवीस मीटर लांबीच्या तरणतलावात ७५० मीटर म्हणजे तीस वेळा या टोकाहून त्या टोकाला. नवख्या बाईला सगळं मिळून दोन-अडीच तास लागतात असं समजा.

आम्ही बोलणाऱ्या कोण, तेही सांगायला हवं. आम्ही एडवण आणि शेजारच्या गावांतल्या चौघीजणी. एक अंगणवाडीत जाते, एक बोईसरच्या एमआयडीसीत पाळीवर जाते, एक मासे विकते आणि एक घरी शिवणकाम करते. चौघींची मिळून सात मुलं, सर्वांत धाकटं अडीच वर्षांचं. शाळेतल्या खो-खोनंतर आमच्यातली एकही मैदानात उतरलेली नव्हती. येत्या थंडीतल्या एका स्प्रिंटसाठी आमची तयारी चालू आहे. शर्यत अजून व्हायची आहे, त्यामुळे पदक दाखवायला आमच्याकडे काही नाही. पण तयारी कशी करायची, ती करताना घरात काय काय हलवावं लागतं, आणि कोणत्या गोष्टीला घाबरायचं आणि कोणत्या नाही, एवढं आता नीट सांगता येतं.

हा खेळ मुळात हौशी लोकांचाच. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे खाडीकाठी पहिली आधुनिक ट्रायथलॉन झाली. धावण्याच्या तेच-तेच सरावाला कंटाळलेल्या लोकांनी गंमत म्हणून ठेवलेली. त्या शर्यतीत जॉन आणि जुडी कॉलिन्स हे नवराबायकोही होते. पुढे याच जोडप्याने १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमन भरवली. पंधराजण उतरले, बाराजणांनी पुरी केली, सगळे पुरुष. दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, लिन लमेअर ही एकटी बाई उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण "हे बायकांचं काम नाही" हे वाक्य फार लवकर येतं. आणि इतक्या लांब जायलाही नको. आपल्या बारामतीच्या लता भगवान करे साठी ओलांडल्यावर नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर पुढे सिनेमा निघाला. शेतमजुरीने कमावलेले पाय होते ते. आपल्या गावांतही डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालणाऱ्या, खाजणातून चिखल तुडवत येणाऱ्या बायका थोड्या नाहीत. दम आपल्यात आहे, कमी पडतो तो वेळ. आणि दुसरं कमी पडतं ते पाणी, त्यावर पुढे येऊच.

आधी वेळेचं बघू, कारण तिथेच बहुतेकींची शर्यत सुरू होण्याआधी संपते.

केंद्र सरकारने २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलंच नाही, त्याचा आकडा वेगळा. आता वजाबाकी करा : २०२ मिनिटं. म्हणजे रोजचा जो फरक आहे, त्यात एक अख्खी स्प्रिंट ट्रायथलॉन बसते आणि वर चहाही होतो.

सुरुवातीला स्प्रिंटच्या तयारीला आठवड्याला चार-साडेचार तास पुरतात, शेवटच्या महिन्यात सहा. आता हे तास आणायचे कुठून? बहुतेकजणी म्हणतात, मी तासभर आधी उठते. आमचं यावर स्पष्ट मत आहे : झोपेतून वेळ काढू नका. साडेचारला उठून डबे करणारी बाई साडेतीनला उठायला लागली, तर पंधरा दिवसांत ती आजारी पडते आणि घरातले सगळे म्हणतात, बघ, सांगितलं होतं. शरीर सुधारतं ते सरावात नाही, सरावानंतरच्या झोपेत. म्हणून वेळ काढायचा तो कामाच्या वाटणीतून.

वाटणी म्हणजे "जरा मदत करा" नव्हे. मदत मागितली की ती मूड असेल तेव्हा मिळते. आम्ही काय केलं, तर भिंतीवरच्या कालनिर्णयावरच लिहून टाकलं. मंगळवार आणि शुक्रवार सकाळचा चहा, मुलांच्या वेण्या आणि डबा भरणं हे नवऱ्याचं. भाजी आदल्या रात्री चिरून ठेवायची, कणीक सासूबाई मळतात. रविवारी सकाळी दोन तास मुलं एकीच्या ओटीवर, आणि तिथे आळीपाळीने एक बाप बसणार. बापांची नावं तारखेसह लिहिलेली आहेत. पहिले दोन आठवडे दोन वेण्या दोन उंचीवर बांधलेल्या मुली शाळेत गेल्या. शाळेने त्यांना परत पाठवलं नाही.

सासूबाईंचं वेगळं. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "पळून काय मिळणार आहे तुला?" त्यांना उत्तर देत बसू नका. त्यांना घड्याळ हातात द्या. आता त्या ओट्यावर बसून फेऱ्या मोजतात आणि उशीर झाला की बोलतातही. जिथे घरात दुसरं माणूसच नाही, नवरा बोटीवर किंवा पाळीवर, तिथे दोन शेजारणींनी जोडी करावी : एक धावते तेव्हा दुसरी दोन्ही घरची मुलं बघते. दुसऱ्या दिवशी उलट. आमच्यातल्या दोघींचं हेच चाललं आहे.

आता पाणी. यावर आम्ही जास्त वेळ घेणार आहोत.

गाव समुद्रकाठचं, पण पोहता येणाऱ्या बाया किती? आमच्या चौघींत एक. ती माहेरी विहिरीत शिकली, कंबरेला सुका भोपळा बांधून. बाकी तिघींनी लहानपणी काठावर उभं राहून भावांना उड्या मारताना पाहिलं. मुलगी मोठी झाली की पाण्यातून बाहेर, हा आपल्याकडचा नियम. मासळी वाळवायची, विकायची, जाळी सारखी करायची, सगळं पाण्याच्या काठाने, पण पाण्यात नाही. त्यामुळे ट्रायथलॉन ठरवलीत तर पहिल्या दिवसापासून सुरुवात पोहण्याने करा. सायकल आणि धावणं दोन-तीन महिन्यांत जमतं. पोहायला शून्यातून शिकणारीने चार ते सहा महिने धरावेत. त्याहून लवकर जमलं तर देवी आशापुरीची कृपा.

शिकायचं कुठे? समुद्रात नाही. खाडीत तर मुळीच नाही. प्रशिक्षक आणि जीवरक्षक हजर असतात अशा तरणतलावात शिका, मग त्यासाठी आठवड्यातून दोनदा गाडीने जावं लागलं तरी. बायकांची वेगळी वेळ आहे का ते विचारा, नसेल तर पाचसहाजणी मिळून मागा. आमची शिवणकाम करणारी मैत्रीण सांगते, कपड्याची लाज वाटत असेल तर पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ पोहण्याचा पोशाख मिळतो, तो घ्या. पण सुती सलवार-कमीज किंवा साडी घालून उतरू नका. भिजलं सूत जड होतं, पायात अडकतं. हा लाजेचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

पहिल्या आठवड्यात हातपाय मारणं शिकायचंच नाही. फक्त श्वास. काठ धरून तोंड पाण्यात घाला आणि नाकातोंडाने हळूहळू हवा सोडा, बुडबुडे येऊ द्या. मग तोंड वर काढून श्वास घ्या. बहुतेक नवख्या बाया पाण्यात श्वास कोंडून धरतात, वर आल्यावर एकदमच सोडायला आणि घ्यायला बघतात. त्यातच दम लागतो आणि पाणी जातं. हवा पाण्यातच सोडायची सवय लागली की अर्धं पोहणं आलं. दुसरी गोष्ट, उताणं तरंगणं. कान पाण्यात, पोट वर, नजर आभाळाकडे. मान ताठ केली की पाय बुडतात, मान सैल सोडली की शरीर आपसूक वर राहतं. हे तरंगणं तुमचा जीव वाचवणारी गोष्ट आहे. शर्यतीत घाबरायला झालं तर उलटं वळायचं, तरंगायचं, दहा श्वास मोजायचे. मग पुढे.

आणि एक नियम ऐकून बरं वाटेल : ट्रायथलॉनमध्ये कोणत्याही पद्धतीने पोहता येतं. बेडूकपोहणं चालतं, पाठीवरचं चालतं. दमलात तर मदतीची होडी किंवा पाण्यातला तरंगता बोया धरून थांबताही येतं. फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

तलावात न थांबता चारशे मीटर जमायला लागले की मग उघड्या पाण्याची सवय. तलावात तळाला काळी रेघ असते, आपल्या समुद्रात स्वतःचा हातही दिसत नाही, पाणी गढूळ. म्हणून दर सहा-आठ हातांनंतर मगरीसारखे डोळे पाण्यावर काढून समोर खूण बघायची : देवळाचा कळस, ताडाचं झाड, जे ठळक असेल ते. याचा सराव तलावातही होतो. समुद्रात उतरायचं ते फक्त जाणत्या पोहणाऱ्यांसोबत, बाजूला होडी असताना, शांत दिवसांत. तेही किनाऱ्याला समांतर, छातीभर पाण्यात. एकटीने कधीच नाही. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी किती जोराने बाहेर ओढतं ते होडीवाल्यांना विचारा. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा आपणही वरच राहायचं.

भरती-ओहोटीचं गणित तर आपल्या आज्यांनाही येत होतं. तिथीला पाऊणपट करा, म्हणजे तीनने गुणून चारने भागा, आलेल्या आकड्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. सकाळीही आणि रात्रीही. ओहोटी त्याच्या सहा तास मागेपुढे. हा ठोकताळा आहे, जागेप्रमाणे तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून उतरण्याआधी गावच्या नाखव्याला विचारायचंच. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची ओढ कमी. समुद्रात पोहण्याचा सराव भांगात, आणि धावण्याचा उधाणात, असं आमचं ठरलं आहे. उधाणाच्या दिवसांत पहाटे पाणी लांब गेलेलं असतं आणि पुळण टणक, ओली, सपाट मिळते. रस्त्याच्या डांबरापेक्षा गुडघ्यांना ती कितीतरी बरी.

ज्यांना पोहणं यंदा जमणारच नाही त्यांनी हिरमुसू नये. ड्युएथलॉन नावाची शर्यत असते, त्यात धावणं, सायकल आणि परत धावणं. शिवाय गोव्यासारख्या मोठ्या शर्यतीत रिले असते : एकीने पोहायचं, दुसरीने सायकल, तिसरीने धावायचं. जावाजावांनी किंवा नणंद-भावजयांनी मिळून नाव द्यायला हरकत नाही. घरातली भांडणं तेवढ्यापुरती घड्याळाशी होतील.

सायकलचं फार सांगण्यासारखं नाही. महागडी सायकल लागते हा गैरसमज आहे. मुलीला शाळेसाठी आणलेली सायकलही पहिल्या स्प्रिंटला चालून जाते, ब्रेक दोन्ही लागत असतील, चाकं डुगडुगत नसतील आणि आयोजकांच्या नियमात बसत असेल तर. बसायची उंची मात्र बघा. पॅडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, किंचित वाकलेला हवा. आपल्याकडे बायका सीट फार खाली ठेवतात, मग वीस किलोमीटरला गुडघे बोलायला लागतात. खाऱ्या वाऱ्याने चेन आठवड्यात गंजते, आणि पुळणीवर चालवली तर दोन दिवसांत. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेलाचे थेंब सोडा.

ज्यांना सायकल येतच नाही त्यांच्यासाठी एक युक्ती. दोन्ही पॅडल काढून टाकायला सांगा, सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. मग बसून पायाने जमीन मागे ढकलत जा. तोल आला की पॅडल परत लावा. मागून कुणी धरून पळायला नको. चाळिशीतल्या बाईला मागून धरून पळणारं माणूस मिळायचं तरी कुठून?

एडवण, मथाणे, उसरणी हे रस्ते सपाट आहेत, सरावाला चांगले. चढाची सवय हवी असेल तर सफाळ्याहून वरईकडे जाताना तांदुळवाडीचा घाट आहे. पण तिथे आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या रस्त्यांवर टेम्पो-ट्रकची वर्दळ, तिथे अंधारात जाऊ नका. हेल्मेट सक्तीचं समजा. शर्यतीत तर हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हातही लावता येत नाही, वेळेचा दंड होतो. कुत्र्यांसाठी आमचा उपाय साधा आहे : दोघींनी जायचं, आणि कुत्रा मागे लागला तर उतरून सायकल मधे धरायची.

धावणं सगळ्यांत सोपं वाटतं आणि सगळ्यांत जास्त दुखापती त्यातच होतात. सुरुवात एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. पुढच्या आठवड्यात धावणं थोडं वाढवा. दर चौथ्या आठवड्याला सगळंच कमी करा, शरीराला सावरू द्या. वेग किती? शेजारणीशी बोलता आलं पाहिजे इतका. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. गप्पा मारणाऱ्या बायकांची थट्टा होते, पण हे माप डॉक्टरही सांगतात.

इथे एक गोष्ट उघड बोलायला हवी. बाळंतपण झालेल्या पुष्कळ बायकांना धावताना, उडी मारताना, शिंकताना थोडी लघवी होते. लाजेने कुणी बोलत नाही आणि त्यामुळेच कितीतरीजणी धावणं सोडतात. हे कटिबंधाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याने होतं. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळून पाच मोजेपर्यंत धरायचे आणि सैल सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. चुलीपाशी उभ्यानेही होतं. दोन-तीन महिन्यांत बहुतेकींना फरक पडतो, नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. बाळंतपणानंतर धावायला निदान तीन महिने थांबा, सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगतील तोवर. अंगावर पाजणाऱ्या आईने आधी पाजावं, मग सरावाला जावं, तिलाच हलकं वाटतं. आणि छातीला नीट आधार देणारी घट्ट ब्रा घ्या. पैसे वाचवायचे तर टी-शर्टात वाचवा.

सुरुवातीलाच रक्त तपासून घ्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे पंडुरोग, असं दिसलं. म्हणजे आम्ही चौघी बसलो आहोत, त्यात हिशेबाने दोघी. आणि तसंच निघालं. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असताना दम लागतो तो सराव कमी म्हणून नाही, रक्त कमी म्हणून. ती बाई स्वतःला आळशी समजत राहते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, गोळ्याही मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. रक्तदाब आणि साखरही त्याच फेरीत बघून घ्या. सरावात छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं.

खाण्यासाठी डबेबंद पावडरी लागत नाहीत. सरावाआधी एक केळं किंवा चिकू. नंतर तासाभरात पोटभर जेवण : नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, आमटी, मासा किंवा अंडं, जवळ्याची चटणी. अडचण पदार्थांची नसते, क्रमाची असते. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारीच्या ताटात मासा राहतच नाही. सरावाच्या दिवशी आपलं ताट आधी वाढून झाकून ठेवायचं, हेही कालनिर्णयावर लिहा.

शेवटच्या सहा आठवड्यांत जोडसराव. सायकल संपवून उतरल्या उतरल्या धावायला लागलं की पाय लाकडाचे होतात, आपले वाटतच नाहीत. घाबरू नका, दहा मिनिटांत सुटतात. सायकल घरासमोर टेकवायची आणि लगेच दहा मिनिटं धावायचं, आठवड्यातून एकदा, म्हणजे त्या लाकडी पायांची ओळख होते. बदलण्याचाही सराव करा. अंगणात टॉवेल पसरा, त्यावर हेल्मेट, चष्मा, बूट, मोजे, पाण्याची बाटली क्रमाने मांडा. ओल्या पायात मोजा चढत नाही, आधी पावडर टाकून ठेवा. आमच्या मुलांना हा भाग फार आवडतो. ती घड्याळ लावून आयांना बूट घालायला लावतात आणि "आई, उशीर!" असं तोंडभरून ओरडतात. इतकी वर्षं आपण त्यांच्यावर ओरडलो, त्याची फेड चालू आहे.

शर्यतीच्या दिवशी नवं काही नको : नवे बूट नको, नवं खाणं नको. पोहायला सुटताना घोळक्याच्या कडेला किंवा मागे उभं राहा, मधे लाथा लागतात. सायकलवर पुढच्याच्या पाठीला चिकटू नका, बहुतेक हौशी शर्यतींत त्याला बंदी असते. धावताना चालायला परवानगी आहे. पाळी त्याच दिवशी आली तर टॅम्पॉन किंवा कप वापरून पोहता येतं, पण त्याची सवय आधी घरी करून बघा.

ज्यांना आमच्याबरोबर सुरुवात करायची आहे त्यांनी येत्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला एडवणच्या पुळणीवर यावं. प्रतिपदा आहे, पाणी लांब गेलेलं असेल. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, एवढंच करणार आहोत. बूट नसतील तर अनवाणी चालेल, शिंपल्या बघून पाय टाका. मुलांना आणायचं असेल तर आणा, त्या रविवारी ओटीवर बसायची पाळी कुणाच्या घरच्यांची आहे ते ठरलेलं आहे. येताना पाण्याची बाटली आणि एक केळं.